न सांगितलेला बोजा

चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागले की भूगाव, पिरंगुट, पौड असे करत थेट मुळशी धरणापर्यंत जमिनींच्या जाहिरातींचे फलक सोबत करतात. डोंगर, पाणी आणि पुण्यापासूनचे थोडे अंतर यांमुळे या तालुक्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी दुकानाच्या नफ्यातून वा मुलीच्या लग्नासाठी राखलेल्या रकमेतून एखादा प्लॉट घेतला आहे. काहींची तिसरी पिढी आता जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थ म्हणूनही काम करते. साहजिकच या व्यवहारांत आपण दोन्ही बाजूंना असतो.

बँकेच्या कर्जविभागात जमिनीची कागदपत्रे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. निवृत्तीनंतर परिचित मंडळी जी कागदपत्रे घेऊन येतात, त्यांत धडधडीत खोटी विधाने फार थोडी सापडतात. सापडते ते मौन. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव असते, पण विक्रेत्याने ते बोलून दाखवलेले नसते. बहिणींनी वाटपाचा दावा लावलेला असतो, त्याचा उल्लेख नसतो. कुळकायद्याने मिळालेली जमीन काही प्रकरणांत जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, हे मालकाला ठाऊक असूनही तो विसार घेतो. मग प्रश्न येतो, “साहेब, त्याने खोटे काहीच सांगितले नाही; फक्त सांगितले नाही. याला फसवणूक म्हणता येईल का?”

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. पूर्वीचे ४१५ ते ४२० हे क्रमांक आता कलम ३१८ आणि ३१९ मध्ये सामावले आहेत. व्याख्या मात्र जवळजवळ तीच आहे. कोणाला तरी भुलवून, कपटाने वा अप्रामाणिकपणे, त्याला मालमत्ता हवाली करण्यास प्रवृत्त करणे म्हणजे फसवणूक. भुलवले नसते तर त्याने जी गोष्ट केली नसती, ती त्याच्याकडून हेतुपुरस्सर करवून घेणे आणि त्यातून त्याच्या शरीराला, मनाला, लौकिकाला वा मालमत्तेला हानी पोहोचणे किंवा पोहोचण्याचा संभव असणे, हेही त्याच व्याख्येत येते. तिच्याखालील छोटे स्पष्टीकरण आपल्या प्रश्नाचे उत्तर देते: वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे दडवून ठेवणे हीदेखील भुलवणूकच होय. यात ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द सैल अर्थाने आलेला नाही. एकाचा गैरलाभ किंवा दुसऱ्याची गैरहानी व्हावी असा हेतू, हा त्याचा कायद्यातील अर्थ आहे.

या कलमाखालील उदाहरणे आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा वाचावीत. जुन्या संहितेचा मूळ मसुदा मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केला, कायदा १८६० मध्ये झाला. पण उदाहरणे वाचताना आपण बाजारपेठेतच उभे आहोत असे वाटते. माल एक आणि नमुना दुसरा दाखवणारा, वस्तूवर खोटी खूण उमटवणारा, हिरे नसलेले खडे हिरे म्हणून गहाण ठेवणारा, असे सारे त्यात आहेत. आणि एक उदाहरण जमिनीचे आहे. एकाने आपली मालमत्ता विकून हस्तांतरित केली. आता आपला तिच्यावर हक्क नाही हे जाणून, पहिल्या विक्रीबद्दल अवाक्षर न काढता, त्याने तीच दुसऱ्याला विकली वा गहाण टाकली आणि पैसे घेतले. त्याने फसवणूक केली. इथे त्याने काय सांगितले याला महत्त्व नाही; काय सांगितले नाही यालाच आहे.

म्हणून प्रत्येक मौन गुन्हा ठरते काय? तसे नाही, आणि व्यापाऱ्याने ही सीमारेषा नीट समजून घ्यावी. करार कायद्याचे कलम १७ सांगते की, केवळ गप्प बसणे म्हणजे कपट नव्हे. बोलण्याचे कर्तव्य असताना गप्प बसणे, किंवा ज्या परिस्थितीत मौनच होकारासारखे ठरते तिथे गप्प बसणे, हे कपट. उद्या भाव चढणार हा आपला अंदाज गिऱ्हाइकाला सांगण्यास आपण बांधलेलो नाही. जमिनीच्या बाबतीत मात्र हे कर्तव्य १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतील वा मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण दक्षता घेऊनही त्याला कळला नसता, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. न सांगणे हे कपटच मानले जाईल, असेही ते कलम शेवटी म्हणते. हे बंधन दिवाणी कायद्याचे. फौजदारीत त्यापुढे अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो.

‘साधारण दक्षता’ या दोन शब्दांवर बरेच खटले अडतात. बँकेचा बोजा सातबाऱ्यावर नोंदलेला असेल, तर विक्रेत्याचा वकील विचारणारच की, उतारा तर कोणालाही मिळतो, आपण का पाहिला नाही? पण नोंदणी न झालेले आधीचे साठेखत, भावाभावांतील तोंडी वाटप, चुलत्याने नुकताच दाखल केलेला दावा हे उताऱ्यावर दिसत नाही. ते फक्त विक्रेत्यालाच ठाऊक असते. आणि बोजा चढण्यापूर्वीचा जुना उतारा मुद्दाम पुढे केला असेल, तर ते निव्वळ मौन राहत नाही.

दुसरी कसोटी वेळेची आहे. पैसे घेताना हेतू काय होता? या बाबतीत आपल्याच मुंबईतून गेलेला एक खटला आजही दाखल्यासाठी काढला जातो. १९५१ साली गोव्यात तांदळाची टंचाई होती. तेथील एका व्यापाऱ्याने मुंबईतील मध्यस्थामार्फत कराचीच्या मोबारिक अली अहमद यांच्याशी तांदळाचा सौदा केला. तांदूळ तयार आहे, जहाजात जागा राखून ठेवली आहे, पैसे पोहोचताच माल रवाना होईल, असे पत्रे, तारा आणि दूरध्वनीवरून सांगण्यात आले. त्या भरवशावर मुंबईत पाच लाखांहून अधिक रुपये देण्यात आले. त्या काळातील पाच लाख! तांदूळ आला नाही. आरोपी मुंबईत नव्हता, भारताचा नागरिकही नव्हता. तरीही सप्टेंबर १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, कारण भुलवणूक मुंबईत पोहोचली आणि पैसेही मुंबईतच दिले गेले. माल न पोहोचणे हा त्यातील गुन्हा नव्हता. माल तयार असल्याचे सांगतानाच ते असत्य होते, हा गुन्हा होता. मोबाइलवरच विसार पाठवण्याच्या आजच्या काळात हा निकाल जुना वाटत नाही.

याच्या उलट बाजूही आहे. बिहारमधील एका प्रकरणात, भावाने लावलेला वाटपाचा दावा विक्रेत्यांनी दडवला अशी तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तो फौजदारी खटला रद्द केला. खोटे विधान असणे पुरेसे नाही, भुलवण्याचा हेतू व्यवहाराच्या आरंभीच असावा लागतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २००९ च्या दुसऱ्या एका निकालात आणखी एक बारकावा आहे: परक्याची जमीन आपली म्हणून विकली गेली, तर फसवणुकीची तक्रार खरेदीदार करू शकतो. मूळ मालक तशी करू शकत नाही, कारण त्याला कोणी भुलवलेलेच नसते. त्याचा मार्ग वेगळा.

उधारी थकली की ‘४२० लावतो’ अशी धमकी देण्याची आपल्या पेठांत सवय आहे. मला ती रुचत नाही. देताना फेडण्याची इच्छा होती आणि पुढे धंदा बसला, तर तो दिवाणी वाद आहे. दिवाणी वादांना फौजदारी रूप देऊन दडपण आणण्याच्या प्रवृत्तीवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच कडक शब्दांत नापसंती नोंदवली आहे.

शिवाय बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या घरातील व्यवहारही पाहावेत. धनकोंच्या हाती लागू नये म्हणून अपुऱ्या मोबदल्यात मालमत्ता नातलगाच्या नावे करणे कलम ३२० खाली येऊ शकते. खरेदीखतात मोबदल्याबद्दल कपटाने खोटे विधान लिहिणे कलम ३२२ खाली येते, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ज्याच्या हिताचे रक्षण करण्यास आपण कायद्याने वा कराराने बांधलेलो आहोत, त्यालाच फसवले, तर कलम ३१८(३) प्रमाणे पाच वर्षांपर्यंत. भागीदार आणि दलाल यांनी हे लक्षात घ्यावे. फसवून मालमत्ता हवाली करून घेतली, तर ३१८(४) प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘पांढरे-काळे’ हे शब्द चहाबरोबर सहज उच्चारले जातात. कायद्याच्या पुस्तकात त्यांची नावे अशी आहेत.

तत्त्वार्थसूत्रात अणुव्रतांचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया, न्यासापहार, हीनाधिक मानोन्मान, प्रतिरूपक व्यवहार ही नावे पर्युषणात आपण ऐकतो. खोटा दस्त, ठेव बुडवणे, खोटे वजनमाप, बनावट माल. दंडसंहितेची प्रकरणे वाचताना ही यादी आठवल्याशिवाय राहत नाही.

मुळशीत जमीन घेणाऱ्यांना मी एवढेच सुचवतो. ताजा सातबारा, आठ-अ, सर्व फेरफार आणि तीस वर्षांचा शोध अहवाल घ्याच. वृत्तपत्रात जाहीर नोटीसही द्या. पण त्याआधी विसार पावतीतच विक्रेत्याकडून लिहून घ्या: या जमिनीवर बोजा नाही, दावा नाही, कुळ नाही, आधीचे साठेखत वा कुलमुखत्यारपत्र नाही, कोणत्याही परवानगीची अट नाही. काही असेल तर तेही तिथेच नोंदवा. त्याचे मौन असे विधानात बदलले की पुढे हेतू सिद्ध करणे पुष्कळ सोपे जाते. आणि पुष्कळदा न्यायालयापर्यंत जावेही लागत नाही. मसुदा वाचून तो तिथल्या तिथे सही करतो की चहा मागवून दुसराच विषय काढतो, तेवढे पाहावे.