शेवईएवढा तुकडा

मुलगी टेबलावर पालथी झोपली आहे, पोटाखाली उशी. सोनोग्राफीच्या पडद्यावर डाव्या किडनीचं खालचं टोक दिसतंय. “श्वास धरून ठेव, बाळा,” डॉक्टर म्हणतात. सुईचा खटका वाजतो. “हं, सोड.” सुईच्या खाचेतून निघतो दीडेक सेंटिमीटरचा, शेवईसारखा तुकडा.

तो मी भिंगाखाली धरते. फिकट मांसात खसखशीहून बारीक, तांबूस ठिपके दिसतात. हेच रक्त गाळणारे केशिकांचे गुच्छ. दहा तरी मिळावेत, नाहीतर निदान डळमळतं. तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये जातो, दुसरा मिशेलच्या द्रावणात.

संशय ल्युपसचा आहे. या आजारात शरीराची राखणदार यंत्रणा घरच्यांवरच उलटते. अंधाऱ्या खोलीत, फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली ते उघड दिसतं. आयजीजी, आयजीए, आयजीएम ही प्रतिपिंडं आणि सी३, सी१क्यू ही पूरक प्रथिनं शोधणाऱ्या पाचही स्लाइडवर गुच्छ हिरवे उजळले की आम्ही त्याला ‘फुल हाउस’ म्हणतो. दाह किती आणि व्रण किती, हे दोन-तीन मायक्रॉन जाडीचे काप सांगतात.

खरा पेच पुढे असतो. उपचार सुरू होऊन सहा महिने झाले, तरी लघवीतून प्रथिनं जातातच. आग अजून धुमसतेय, की जुना व्रण गळतोय? प्रथिनांचा आकडा दोन्हीकडे सारखा असू शकतो. आग असेल तर औषध वाढवायचं. व्रण असेल तर वाढवलेलं औषध नुसताच त्रास देतं. आणि दर वेळी सुई टोचायची, तर रक्तस्रावाची भीती.

म्हणून शोध लघवीतच चालू आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ल्युपसने किडनी बाधित झालेल्या २४ रुग्णांच्या किडनीतल्या रोगप्रतिकारक पेशी एकेक करून तपासल्या आणि त्यांचे २१ गट वेगळे काढले. लघवीत उतरलेल्या पेशींमधली जनुकांची हालचाल किडनीतल्या पेशींशी जुळत होती. दाहाच्या जागी जमणाऱ्या भक्षक पेशी सीडी१६३ नावाचं प्रथिन सोडतात. तेही लघवीत मोजता येतं. कोणती पेशी पेटली आहे हे कळलं, तर औषधाचा नेम तिच्यावर धरता येतो. बी पेशींना जगवणारा संदेश अडवणाऱ्या बेलिमुमॅबला २०२० मध्ये अमेरिकेत ल्युपसमुळे होणाऱ्या किडनीच्या आजारासाठी मान्यता मिळाली, ती अशाच नेमातून.

पण लघवी खरं बोलते का, हे ताडायला तुकडा लागतोच. त्याच रुग्णाचा, त्याच दिवसाचा. मुलगी आता उताणी पडून आहे. “परत टोचणार का हो?” ती विचारते. मला वचन देता येत नाही. तिच्या संमतीने घेतलेली सकाळची लघवी मी नळीत भरते, तुकड्याचाच क्रमांक तिच्यावर लिहिते आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवते.