एक लिटर पेट्रोल, एक लिटर पाणी

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी मागे टाकून चाकणकडे निघालं की कुरुळी लागतं. खेड तालुक्यातलं हे गाव आता कारखान्यांच्या गराड्यात आहे आणि पाळी सुटली की इथल्या रस्त्यावर गाड्यांची रांग हलता हलत नाही. डिसेंबरात पहिल्या पाळीला निघालेल्याने गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून बरेचदा पाण्याचे थेंब पडतात. पेट्रोलमध्ये पाणी मिसळलंय की काय, अशी शंका येते. पण ते पाणी टाकीत नव्हतंच. ते इंजिनात, ठिणगी पडल्यावर जन्माला आलं. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं, तर त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं!

हे कसं घडतं, ते दहावीच्या पुस्तकातल्या रासायनिक समीकरणातून उलगडतं. पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्यांचा प्रतिनिधी म्हणून ऑक्टेन घेऊ. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. जळताना प्रत्येक कार्बन दोन ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड होतो आणि दर दोन हायड्रोजन एक ऑक्सिजन घेऊन पाणी होतात. म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ८ रेणू आणि पाण्याचे ९. त्यांना ऑक्सिजनचे अणू लागले १६ आणि ९, एकूण २५.

इथे अडतं. हवेतला ऑक्सिजन जोडीने राहतो आणि २५ तर विषम संख्या. साडेबारा रेणू कुठून आणायचे? म्हणून सगळंच दुप्पट करायचं:

ऑक्टेनचे २ रेणू + ऑक्सिजनचे २५ रेणू → कार्बन डायऑक्साइडचे १६ रेणू + पाण्याचे १८ रेणू

झालं समीकरण संतुलित. यात बदलायला मोकळीक असते ती फक्त रेणूंच्या संख्येला, रेणूच्या आतल्या अणूंना नाही. हिशोब जुळवायला पाण्याच्या रेणूत एक जास्तीचा ऑक्सिजन घातला, तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. रासायनिक अभिक्रियेत अणू नव्याने बनत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत. ते फक्त जोडीदार बदलतात.

आता वजनं मांडून पाहा. ऑक्टेन २२८ ग्रॅम घेतलं, तर ऑक्सिजन लागतो ८०० ग्रॅम. कार्बन डायऑक्साइड मिळतो ७०४ ग्रॅम आणि पाणी ३२४ ग्रॅम. डावीकडे १०२८, उजवीकडेही १०२८. फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने तराजू घेऊन वस्तुमान अक्षय्यतेचा हा नियम पक्का केला आणि १७८९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला. कुरुळीच्या रस्त्यावरचं प्रत्येक इंजिन तो आजही पाळतं.

याच हिशोबाने एक लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण पाऊण किलो, जाळायला सुमारे २.६ किलो ऑक्सिजन लागतो. तेवढा ऑक्सिजन मिळवायला इंजिनाला नऊ ते दहा हजार लिटर हवा ओढावी लागते. टाकीतलं इंधन आपल्याला दिसतं, पण इंजिन वजनाने त्याच्या जवळपास पंधरापट हवा खातं.

ही हवा कमी पडली तर? तेच ऑक्टेनचे २ रेणू ऑक्सिजनच्या फक्त १७ रेणूंतही जळू शकतात. हे समीकरणही बिनचूक जुळतं: पाण्याचे १८ रेणू आणि कार्बन मोनॉक्साइडचे १६. कार्बनला मिळणारा एक ऑक्सिजन कमी झाला आणि श्वासातून आपण रोज बाहेर टाकतो त्या वायूऐवजी माणसाचा जीव घेणारा वायू तयार झाला. अधल्यामधल्या प्रमाणात दोन्ही वायू निघतात. २५ आणि १७ या दोन आकड्यांत एवढं अंतर आहे.

म्हणूनच इंजिनाचं प्रमाण सांभाळायला राखणदार बसवलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून देशात गाड्यांच्या धुराबाबतचे बीएस-६ नियम लागू झाले आणि चाकण पट्ट्यात बनणाऱ्या दुचाकी-चारचाकींनाही ते पाळावे लागले. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला, हे तो विजेच्या दाबातून सांगतो आणि इंजिनाचा संगणक लगेच पेट्रोल कमी-जास्त करतो. वहीत आपण एकदा सोडवतो ते समीकरण गाडी चालू असेपर्यंत सतत जुळवलं जातं.

त्यापुढे असतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत हवेतला नायट्रोजनही ऑक्सिजनला चिकटतो आणि घातक नायट्रिक ऑक्साइड बनतं. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंच्या पातळ थरावर कार्बन मोनॉक्साइडचे २ रेणू आणि नायट्रिक ऑक्साइडचे २ रेणू भेटतात. त्यातून नायट्रोजनचा १ आणि कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू बाहेर पडतात. एका विषाने दुसऱ्या विषाचा ऑक्सिजन घेतला आणि दोन्ही विषं संपली! धातू मात्र या अभिक्रियेत खर्च होत नाहीत.

पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉलही याच नियमाने वागतं. त्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे ते जाळायला तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलपेक्षा हवा बरीच कमी लागते. उसाच्या मळीपासूनही बनणारं हे इंधन टाकीत आलं की सेन्सर आणि संगणकाला प्रमाण नव्याने जुळवावं लागतं.

एक गोष्ट मात्र कुठलंही यंत्र करू शकत नाही. कन्व्हर्टर विष घालवतो, पण कार्बनचे अणू नाहीसे करू शकत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाणारच. समीकरणाची उजवी बाजू ते सांगते. त्यामुळे रांग हलत नसेल तेव्हा इंजिन बंद करा. हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कमी करायचा, तर डाव्या बाजूचं पेट्रोलच कमी करावं लागतं.