निळ्या दिव्याच्या आधी

सकाळी पावणेआठ

हाजरा रोडवरच्या दातांच्या दवाखान्याचे शटर वर गेले की मी आधी फ्रिज उघडतो. मे महिना. आत रेझिनच्या सिरिंजा चार अंशांवर, बाहेर अंगावरचा घाम वाळू न देणारी कोलकात्याची हवा. सिरिंज ओट्यावर ठेवताच तिच्यावर दव धरते. म्हणून टोपण तासभर उघडायचे नाही. या मालाला पाणी चालत नाही. जुने झिंक फॉस्फेट सिमेंट घोटायचे तर काचेची पाटी थंड लागते, पण तिच्यावरही दव! पुस्तकातली सूचना या हवेला धरून लिहिलेली नाही.

सव्वानऊ

पहिल्या पेशंट एक माशीमा. खालची दाढ. पूर्वी अशा दाढेत चांदी भरत. आताच्या पांढऱ्या मालाच्या मुळाशी आहे बिस-जीएमए, अमेरिकेत राफेल बोवेन यांनी 1962 मध्ये पेटंट घेतलेले रसायन. मधासारखे घट्ट. थंडीत मधाचे होते तेच याचे होते: कोपऱ्यात शिरत नाही, दाढेऐवजी हत्याराला चिकटते.

हे डोळ्यांना दिसते. न दिसणारे जास्त महत्त्वाचे. 468 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश मालातले कॅम्फरक्विनोन शोषते आणि रेणूंची साखळी सुरू होते. पण साखळी वाढायला रेणूंना सरकायला जागा हवी. गार, घट्ट लगद्यात ते जागीच अडकतात. सगळे बंध तर कधीच जुळत नाहीत. माल गार असला की आणखी कमी जुळतात. लाइट तेवढेच वीस सेकंद मारलेला असतो, वरचा थर कडकही लागतो. ही त्याची लबाडी.

नवखा असताना घाईत फ्रिजमधला माल तसाच भरला होता. काही महिन्यांनी पेशंट परत आला, कडेला तपकिरी रेघ घेऊन. दोष थंडीचाच, असे छातीठोकपणे नाही सांगत. पण तेव्हापासून पावणेआठची वेळ चुकवलेली नाही.

साडेअकरा

खुर्चीला लागून छोटा वॉर्मर आहे, साठ अंशांवर. त्यातला माल लोण्यासारखा वाहतो. फक्त हात चालला पाहिजे: बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत कमावलेली निम्मी ऊब जाते, पाच मिनिटांत जवळजवळ सगळी. मदतनीस दादांनी सिरिंज हातात दिली की मी पेशंटच्या मुलाशी गप्पा मारत नाही.

गरम केले की सगळे चांगलेच, असेही नाही. जास्त बंध जुळले की माल जास्त आकसतो आणि दाढेच्या भिंती ओढतो. म्हणून थर दोन मिलिमीटरचेच.

आताच्या पेशंटची कीड खोल आहे, नसेजवळ. इथे भीती गरम मालाची कमी, दिव्याची जास्त. 1965 मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर पाहिले होते: आतले तापमान साडेपाच अंशांनी वाढले की साधारण पंधरा टक्के दातांची नस मेली. माणसाच्या दाताला तो आकडा जसाच्या तसा लावावा का, यावर वाद आहे. मी थरामागे थांबतो, हवेचा फवारा मारतो.

दीड

मच्छी-भात. आर. अहमद डेंटल कॉलेजात शिकणारी मुलगी भेटायला आली. त्या कॉलेजाची कथा मला फार आवडते. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतून शिकून आले, त्यांनी न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचे दुकान काढले आणि त्याच्या कमाईतून 1920 मध्ये देशातले पहिले डेंटल कॉलेज उभे केले. गार सरबताच्या पैशांवर दंतवैद्यक!

चार

“कारेंट चोले गेछे, डाक्तारबाबू!” एसी बंद. रूट कॅनाल झालेल्या दाढेत खुंट बसवायचा होता. त्याचे सिमेंट लाइटनेही घट्ट होते आणि मिसळल्यावर आपोआपही. या दुसऱ्या वाटेला ऊब मिळाली की ती धावत सुटते. खुंट बसेपर्यंत सिमेंट मिसळायच्या टोकातच आवळले. टोक फेकले, नवे लावले, या वेळी दादांनी पेशंटचे तोंड तयार झाल्यावरच मिसळले.

साडेसात

सकाळच्या माशीमांचा फोन. “चा खेते पारबो तो?” बधिरपणा गेला असेल तर खुशाल प्या, म्हटले. लाइट बंद झाल्यावरही आत बंध जुळत राहतात, दिवसभर. त्याला तोंडातली ऊब चांगलीच मानवते.

नऊ

वॉर्मर बंद. सिरिंजा पुसून, टोपणे तपासून फ्रिजमध्ये. उद्या पहिली वेळ साडेआठची आहे, म्हणजे शटर सातला.