पहिल्या रात्रीचा वकील आणि खटल्याचा वकील

घरातल्या माणसाला अटक झाली की नातेवाईक पोलीस ठाण्याच्या आवारात उभे राहून फोन लावू लागतात. कुणाच्या ओळखीतला, कुणाच्या मेहुण्याचा वर्गमित्र, असे करता करता एक वकील ठरतो आणि त्याच घाईत अख्ख्या खटल्याची फी ठरून आगाऊ रक्कमही हातची जाते. ही घाई मला फार घातक वाटते. अटकेनंतरच्या पहिल्या दिवसाचे काम वेगळे आणि पुढे वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्याचे वेगळे. एकच वकील दोन्ही उत्तम करीलही, पण दुसरा निर्णय त्या रात्रीच घ्यायला कोणी सांगितलेले नाही.

अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. तिथे पोलीस बहुधा कोठडी मागतात. अटकेची कारणे आरोपीला कळवली का, मारहाण झाली का, कोठडी नेमकी कोणत्या तपासासाठी हवी आणि तेवढे दिवस कशाला, हे विचारणारा माणूस त्या वेळी तिथे उभा असणे महत्त्वाचे. त्यासाठी नामांकित वकील लागत नाही. रिमांडचा कागद नीट वाचणारा आणि वेळेवर हजर राहणारा लागतो.

तोही मिळाला नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. जिथे लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील पूर्णवेळ आरोपींचीच कामे करतात, खासगी खटले घेत नाहीत. म्हणून ‘फुकटचा वकील’ म्हणत नाक मुरडण्याचे कारण नाही. पहिल्यांदा हजर केल्यावरच आरोपीला वकिलाच्या हक्काची माहिती देणे दंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बजावले. तो निकाल मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या कसाबच्या अपिलातला होता. इतक्या भयंकर गुन्ह्यातल्या आरोपीला जो हक्क, तोच तुमच्या माणसालाही.

खटल्याचा वकील मात्र सवडीने शोधावा, आणि तो न्यायालयात जाऊन शोधावा. बहुतेक सुनावण्या खुल्या असतात, मागच्या बाकावर कोणालाही बसता येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने खटले शोधता येतात. तुमच्यासारख्याच प्रकरणात त्याची तारीख कधी आहे ते पाहा आणि त्या दिवशी जाऊन बसा. आवाज किती चढतो, याकडे लक्ष देऊ नका. उलटतपासणी कशी घेतो ते पाहा.

समजा, साक्षीदाराने पोलिसांच्या जबाबात एक सांगितले आणि पिंजऱ्यात दुसरेच. ही विसंगती आपोआप आरोपीच्या कामी येत नाही. जबाबातला तो नेमका मजकूर आधी साक्षीदाराच्या नजरेस आणावा लागतो. त्याने तो नाकारला, तर पुढे तपास अधिकारी साक्षीला आला की त्याच्याकडून तो सिद्ध करून घ्यावा लागतो. मधे कित्येक महिने गेलेले असतात. हा दुसरा टप्पा राहिला, तर पहिल्या टप्प्यातल्या मेहनतीवर पाणी पडते. चांगल्या फौजदारी वकिलाची ओळख अशा चिकाटीत आहे, आणि ती त्याच्या कार्यालयात बसून कळत नाही.

कार्यालयातल्या भेटीत वेगळे काही कळते. पहिल्याच बैठकीत ‘जामीन झालाच समजा’ किंवा ‘साहेब आपल्या ओळखीचे आहेत’ असे कोणी म्हणाले, तर उठून यावे. जो कागद मागतो, तारखा विचारतो आणि तुम्हाला न आवडणारे प्रश्नही विचारतो, त्याच्यापुढे बसावे. त्याला सगळे खरे सांगावे. अशिलाने कामापुरते विश्वासाने सांगितलेले अशिलाच्या संमतीवाचून उघड करायला कायद्याने वकिलाला मनाई आहे. अपवाद आहे तो पुढच्या बेकायदा कृत्यासाठी मदत मागितली असेल तर.

आरोपी कोठडीत असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा : दोषारोपपत्राची मुदत कधी संपते? गुन्ह्याच्या शिक्षेनुसार ती सर्वसाधारणपणे ६० किंवा ९० दिवस असते, आणि रिमांडचा पहिला दिवसही त्यात धरायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३चा निकाल आहे. मुदत टळली की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण तो अर्ज करून मागावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झाले, तर हक्क गेला. हा दिवस वकिलाच्या डायरीत लिहिलेला हवा.

फीची बोलणी टप्प्याटप्प्याने करावीत : जामीन, साक्षीपुरावा, अंतिम युक्तिवाद. प्रत्यक्ष उभे कोण राहणार, वकील स्वतः की ज्युनिअर, हेही तेव्हाच विचारावे. ठरले ते लिहून घ्यावे, पावती घ्यावी. सुटका झाली तरच फी, असा करार वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. तो पुढे करणाऱ्यापासून लांब राहावे.

एका घरातले तिघे आरोपी असले की खर्च वाचवायला तिघांचा एकच वकील केला जातो. तिघांचा बचाव एकच असेल तर ठीक. पण ‘मी तिथे नव्हतो, तो होता’ असे एकाला म्हणायचे असेल, तर त्याचा वकील वेगळाच हवा, मग दुसरा आरोपी सख्खा भाऊ का असेना.

आणि निवड चुकली, तर बदलता येते. वकीलपत्र म्हणजे जन्माची गाठ नव्हे. आधीच्या वकिलाची ना हरकत घ्यायची पद्धत आहे, बहुतेक जण ती देतात. फी थकली म्हणून वकील खटल्याची कागदपत्रे अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. तरीही दोषारोपपत्राची आणि प्रत्येक साक्षीची नक्कल पहिल्यापासून स्वतःकडे ठेवावी. नवा वकील पहिल्या भेटीत तीच मागेल.