खारपाणपट्ट्यातले पाइन

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात जपानी पांढऱ्या पाइनचे एक बोन्साय आहे. त्याची जोपासना १६२५ पासून चालू आहे. १९४५ साली हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते त्याच शहरात होते, आणि वाचले! १९७६ मध्ये यामाकी कुटुंबाने ते अमेरिकेला भेट दिले. असे झाड आपल्याही गच्चीत असावे, असे कुणाला वाटणार नाही?

अमरावती-अकोल्यात ही हौस बहुधा नर्सरीतल्या ‘ख्रिसमस ट्री’वर भागते. पण ते झाड अरोकेरियाचे; खरा पाइन नव्हे. खऱ्या पाइनची सुयांसारखी पाने जातीनुसार दोन, तीन किंवा पाचाच्या जुडग्यात येतात.

मग काहीजण जपानी काळ्या पाइनचे बी मागवतात. एक-दोन महिने ओलसर वाळूत फ्रिजमध्ये ठेवले, की ते रुजतेही. खरी परीक्षा पुढे असते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत मुळे गुदमरतात, आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचे विहिरीचे पाणी घातले तर सुयांची टोके करपतात. थंड हवेच्या, किंचित आम्ल मातीच्या झाडाने हे किती सोसावे?

त्यापेक्षा आपल्या हिमालयातला चिर पाइन बरा. तो सुमारे ५०० मीटर उंचीपासून वाढतो आणि ऊन ओळखतो. त्याचे बी दिवसभर पाण्यात भिजवावे. तरंगेल ते बहुधा पोचट. जाड धुतलेली वाळू, विटांचा चुरा आणि थोडे कुजलेले खत यांच्या मिश्रणात ऑक्टोबरात बोटाच्या पेराच्या निम्म्या खोलीवर पेरावे, म्हणजे रोपांना हिवाळा मिळतो. पाणी जास्त झाले, की रोप बुंध्याशी काळे पडून आडवे होते. आपले शेतकरी त्याला ‘मर’ म्हणतात. मुळांवर पांढरी जाळी दिसली तर मात्र घाबरून धुऊ नका. ती मुळांना अन्नपाणी मिळवून देणारी बुरशी असते. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी सावली हवी, आणि पाणी शक्यतो पावसाचे साठवलेले.

मात्र चिरच्या सुया वीतभर लांब होतात. अंगणात तो शोभेल, लहान कुंडीत नाही. कुंडीसाठी कोकणातला सुरू घ्यावा. वनस्पतिशास्त्राने तो पाइन नाही. त्याच्या ‘सुया’ म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या. पण दिसतो पाइनसारखाच, उष्ण देशांत त्याची सुरेख बोन्साय होतात, आणि समुद्रकाठचा असल्याने खारे पाणीही बरेच सोसतो. बोंडे उघडण्याआधी तोडून कागदावर वाळवली, की पंखवाले बारीक बी आपोआप गळते. ते वाळूवर भुरभुरून वर पातळ थर द्यावा. कुंडी मात्र कधी कोरडी पडू देऊ नये.

यंदाच्या पावसाळ्यात पन्हाळीखाली एक टाकी ठेवा. बी आणण्याआधी एवढी तयारी केलीत, तर पुढच्या मे महिन्यातही रोप हिरवे दिसेल.