पस्तीस मिनिटांचा उशीर

10 डिसेंबर 1991. दुपारी 2 वाजून 20 मिनिटांनी अपघात झाला. त्या वाहनाचा विमा उतरवला गेला त्याच दिवशी, 2 वाजून 55 मिनिटांनी. तारीख तीच, मग भरपाई विमा कंपनीने द्यायची का? वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सांगितलं, पॉलिसी अपघातानंतर घेतली आहे, कंपनी जबाबदार नाही.

'कालच संपलाय, सोमवारी भरू' म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही पस्तीस मिनिटं लक्षात ठेवावीत. 'नव्वद दिवस असतात ना?' असंही बरेच जण विचारतात. ते नव्वद दिवस फक्त नो क्लेम बोनससाठी असतात. क्लेम न केलेल्या पाच वर्षांत हा बोनस 20 टक्क्यांवरून 50 टक्क्यांपर्यंत चढतो आणि मुदत संपून नव्वद दिवस उलटले की शून्यावर येतो. संरक्षण मात्र मुदतीच्या शेवटच्या मध्यरात्रीच संपलेलं असतं. मधल्या काळात गाडी चोरीला गेली, उभ्या गाडीवर झाड पडलं, इंजिनात पुराचं पाणी शिरलं, तर सगळा खर्च आपला.

नव्या गाडीच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे 'ओडी'चा भाग बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. कागदावर दोन तारखा असतात, आपण लांबची वाचतो.

पोलिसांनी पकडलं तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दंड 4,000. पण खरा धोका दंडाचा नाही. अपघातात कुणी दगावलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचं वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं पाहून भरपाई ठरवतं. ती लाखांत जाते, कधी कोटीतही. विमा नसेल तर ती मालकाने भरायची. नाही भरली, तर जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. 1 जून 2022 पासूनच्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला 3,416 रुपये, अधिक कर. एवढ्यासाठी घर पणाला लागतं.

आणि पलीकडे दुसरं एक घर असतं. कमावता माणूस गेलेलं. मालकाकडे पैसेच नसतील, तर हातात निकाल असूनही त्या बाईच्या चुलीपर्यंत काही पोचत नाही. कायद्याने विम्याची सक्ती केली ती मुळात तिच्यासाठी.

म्हणून आज डॅशबोर्डच्या कप्प्यातला तो कागद काढा, दोन्ही तारखा वाचा. थर्ड पार्टीची उलटून गेली असेल, तर नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.