बेकारीचा आकडा काय सांगतो?

बेकारीचा आकडा उतरला की देशाची प्रकृती सुधारली, असे मानण्याचा प्रघात आहे. युनियनचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींना तो पटत नाही. आकडा खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही; तो नेमके काय मोजतो, हे आधी पाहिले पाहिजे.

सरकारचे श्रमबल सर्वेक्षण २०१७ पासून चालू आहे. त्याच्या साप्ताहिक मापाप्रमाणे, सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलेला माणूसही त्या आठवड्यापुरता रोजगारात धरला जातो. नाक्यावर सहा सकाळी उभा राहून रिकाम्या हाताने परतलेला आणि सातव्या दिवशी विटा वाहिलेला बिगारी या हिशेबाने कामावर आहे! एका दिवसाच्या मजुरीवर त्याची चूल आठवडाभर कशी पेटते, ते त्या रकान्यात येत नाही. वार्षिक मापात वर्षभरातले तीस दिवसांचे दुय्यम कामही पुरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जेथे पुरेसा बेकारभत्ता मिळतो, तेथे माणूस योग्य कामाची वाट पाहू शकतो. आपल्याकडे गरिबाला बेकार राहणे परवडतच नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले हजारो पुन्हा खात्यात परतलेच नाहीत. कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी हमाली धरली, कोणी कोकणात भावाच्या शेतावर गेला. कायम नोकरी, भरपगारी रजा, ईएसआयचा दवाखाना, सारे गेले. पण आजच्या मापाने यांतला एकही बेकार ठरणार नाही.

पंधरा वर्षांवरील लोकांतली बेकारी वार्षिक मापाने २०१७-१८ साली ६ टक्के होती, ती २०२३-२४ साली ३.२ टक्क्यांवर आली. याच काळात रोजगारात धरलेल्यांपैकी नियमित पगारदार २२.८ टक्क्यांवरून २१.७ टक्क्यांवर घसरले, आणि घरच्या धंद्यात वा शेतीत बिनपगारी राबणारे १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेले. यांत बायांचा भरणा मोठा. उलट पंधरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांत बेकारी १०.२ टक्के, बापाच्या पगारावर थोडे थांबता येते, अशी पोरे यांत बरीच असणार.

एकाच आकड्यात बेकारी सांगू नये, असे दांतवाला समितीने १९७० सालीच बजावले होते. वर्तमानपत्रांना मात्र मथळ्यासाठी एकच आकडा लागतो. आम्ही सभासदाची नोंद घेतो तेव्हा त्याला, महिन्यात दिवस किती भरले आणि हातात किती पडले, असे विचारतो.